अलकाच्या नावाची सवाष्ण

श्रीरंगच्या बायकोला, अलकाला, जाऊन दहा महिने झाले होते आणि पितृपक्ष लागायला आठच दिवस उरले होते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने पितृपक्षातल्या नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात, साडी देतात. श्रीरंगच्या घरातली ही पहिलीच अविधवा नवमी. ती नीट पार पडावी म्हणून त्याची धाकटी बहीण अरुणा ठाण्याहून गुडगावला येऊन राहिली होती. श्रीरंगची मुलगी चेतना बंगळुरूला नव्या नोकरीत होती, तिला रजा मिळत नव्हती.

गुडगावचा हा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट श्रीरंगने सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर घेतला. त्याआधीची बावीस वर्षं दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेली होती. इथे अर्धी बिल्डिंग अजून रिकामीच होती. खिडकीतून दिसायच्या त्या बांधकामाच्या क्रेन आणि कॉल सेंटरच्या पोरांना न्यायला आलेल्या गाड्या. अलका या घरात दीड वर्ष राहिली, त्यातले सात महिने अंथरुणावर.

"अकराव्या मजल्यावरच्या चंद्रप्रभाबाईंना सांगते," अरुणा पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "पुण्याच्या आहेत. आपल्यातल्या."

"नको. हेमलता वहिनींना बोलवायचं."

अरुणाचं लाटणं थांबलं. "गजभिये?"

"हो."

"दादा, ते लोक बौद्ध आहेत."

"मला सांगतेस? बावीस वर्षं भिंतीला भिंत होती आमची."

"शेजार वेगळा. हे पितरांचं काम आहे. आई असती तर तिला चाललं असतं?"

"शेवटचे चार महिने अलकाला आंघोळ कोणी घातली? तुझ्या चंद्रप्रभाबाईंनी? वहिनी दोन दोन बस बदलून यायच्या, दिवसाआड. अलका दुसऱ्या कोणाला केसांना हात लावू देत नव्हती."

अरुणाने तव्यावरची पोळी उलटली. "कर तुझ्या मनासारखं. मी काय, पाहुणी."

श्रीरंगला त्या दिवशी स्वतःचंच कौतुक वाटलं. आपल्या घराण्यात आजवर कोणी केलं नाही ते आपण करतोय, या विचाराने त्याला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

रविवारी तो कुंकवाची डबी खिशात घालून सरोजिनी नगरला निघाला. गजभिये त्याच्याच मंत्रालयात होते, त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. ते दारातच पेपर वाचत बसले होते.

"अरे, आओ आओ," ते म्हणाले. "हेमा, बघ कोण आलंय."

हेमलता पाणी घेऊन आली. "बसा भाऊजी. जेवूनच जा. वरण-भात तयार आहे."

"नको वहिनी, मी आत्ताच..."

"आत्ताच जेवून आलात," हेमलता म्हणाली. "बावीस वर्षं तुम्ही आत्ताच जेवून आलेले असता. सकाळी आठ वाजता आलात तरी."

गजभिये हसले. श्रीरंगही हसला. त्याने घाईने खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली आणि विषयाला हात घातला. अविधवा नवमी, सवाष्ण, ओटी, सगळं सांगितलं. "अलकाच्या नावाने तुम्हीच बसावं, अशी माझी इच्छा आहे. घरातून विरोध झाला, पण मी ऐकलं नाही," असंही सांगितलं.

 हेमलताने ती डबी उचलली आणि अलगद त्याच्या बाजूला सरकवली.

"भाऊजी, मी नाही बसणार."

"अहो, अरुणाचं मनावर घेऊ नका. मी तिला..."

"अरुणाताईंचा काय संबंध? आमच्यात श्राद्ध नाही. माझ्या सासऱ्यांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा ते सोडलं, ते सोडलंच. स्वतःच्या आईचं मी केलं नाही. अलकाताईंचं कसं जेवू?"

 ती नाही म्हणेल हे श्रीरंगच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण बोलावतोय ही केवढी गोष्ट, एवढंच डोक्यात होतं. तिला काय चालतं आणि काय नाही, हे त्याने बावीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल," तो म्हणाला.

"बोलावलंत त्याचं बरं वाटलंच की. पण तुमच्या पानावर मला बसवायला आलात. आमच्या पानावर तुम्ही कधी बसला नाहीत." तिच्या आवाजात राग नव्हता. "अलकाताई बसायच्या."

"कुठे?"

"इथे. जिथे तुम्ही बसलाय तिथे. दर बुधवारी. तुम्ही ऑफिसला गेलात की यायच्या."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्हाला चालणार नाही म्हणायच्या. आधी सासूबाईंना, मग तुम्हाला."

गजभियेंनी पेपराची घडी घातली. "आणि तुम्ही ऑफिसात माझ्या डब्याला नाही म्हणताना काय सांगायचात, आठवतं? 'मला काही नाही हो गजभिये, पण आमच्या अलकाला चालत नाही.'"

खालून एक भाजीवाला ओरडत गेला. 

श्रीरंगला आठवत होतं. गजभियेंच्या घरून दिवाळीला फराळाचं ताट यायचं. आई होती तेव्हा ती ते गुपचूप चौकीदाराला द्यायची. आई गेल्यावर तो स्वतः नेऊन द्यायचा, अलकाच्या देखत. अलकाने कधी विचारलं नाही. तिलाही ते नकोच असेल, असं त्याने धरलं होतं.

"नवमीला मी इथे जेवायला आलो तर?" त्याने विचारलं.

"श्राद्धाचं म्हणून नाही हं."

"नाही. जेवायला म्हणून."

"मग या," हेमलता म्हणाली. "बारा वाजता. उशीर करू नका, यांना भूक धरवत नाही."

घरी आल्यावर त्याने अरुणाला सगळं सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

"ती नाही म्हणाली?" शेवटी तिने विचारलं. "आपण बोलावून?"

"हो."

"आणि तू जाणार? करणाऱ्याने त्या दिवशी परान्न घेऊ नये, दादा. एवढं तरी पाळ."

"तू चंद्रप्रभाबाईंना बोलाव. ओटी भर. तुझी वहिनी होती, तुझ्या मनासारखं कर. मी पानाला नमस्कार करीन आणि निघेन."

"लोक विचारतील."

"सांग, सरोजिनी नगरला जेवायला गेलाय."

नवमीला तसंच झालं. त्याने नमस्कार केला, पायात चपला सरकवल्या आणि बस पकडली. गजभियेंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. हेमलताने भरली वांगी, ज्वारीची भाकरी आणि पाटवड्यांचा रस्सा केला होता. रस्सा असा झणझणीत की पहिल्याच घासाला श्रीरंगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही.

"तिखट झालंय का?" हेमलताने विचारलं.

"झालंय. अलका खायची एवढं?"

"तीन भाकऱ्या. वर भात."

घरी अलका सगळ्यांच्या मागून जेवायची आणि दीड पोळीवर हात धुवायची. तिला भूकच कमी, असं तो सगळ्यांना सांगत असे. तो ताटाकडे बघत राहिला.

"अजून एक वाढा," तो म्हणाला.

तो परतला तेव्हा चंद्रप्रभाबाई ओटी घेऊन केव्हाच गेल्या होत्या. अरुणा दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. दिवेलागणीला तिने चहा आणून त्याच्यासमोर ठेवला आणि पलीकडच्या खुर्चीत बसली.

"काय होतं?"

त्याने सांगितलं.

"भाकरी कशाची?"

"ज्वारीची."

"इथे चांगली ज्वारी मिळते कुठे?"

"नागपूरहून आणतात. घरी दळतात."

अरुणाने पदराने टेबलावरचा चहाचा थेंब पुसला. आल्यापासून ती इथल्या दुकानातल्या पिठाला नावं ठेवत होती. भाकरी थापताना तुटते म्हणत होती.

"पुन्हा जाशील तेव्हा," ती म्हणाली, "दोन वाट्या पीठ माग त्यांच्याकडे. सांग, अरुणाला हवंय."