दाराशी वरवंटा

“राष्ट्राचे भवितव्य गरोदर मातेच्या ताटात असते,” असे कोकिळाअक्कांनी जाहीर केले आणि ताट दाखवायला वळल्या, तेव्हा भवितव्यातले केळे शेळी खात होती.

अंगणवाडीच्या दाराची कडी मागच्या की त्याच्याही मागच्या निवडणुकीपासून तुटलेली आहे. अक्कांनी शेळीला बाहेर हाकलले, दार लोटले आणि सवयीने पायानेच वरवंटा दाराशी सरकवला. तो कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. दीड महिन्यापूर्वी इथेच जमिनीवर सापडला आणि सरकारी कडीपेक्षा बरा निघाला.

श्रोत्यांत एकटी पुनम होती, आणि तीही आता गरोदर नव्हती. सव्वा महिना पुरा करून, मांडीवर मुलगी घेऊन ती वजनाला आली होती. पण भाषण ठरलेले होते, ते झालेच पाहिजे. सव्वीस वर्षे अक्का भाषण शुद्ध मराठीत करतात. बाकी संसार अहिराणीत.

पुनम म्हणजे अक्कांचा अभिमान. तिसऱ्या महिन्यात एक्केचाळीस किलो, नवव्यात पन्नास. तिचा तक्ता त्यांनी पारोळ्याच्या बैठकीत वाचून दाखवला होता. टाळ्या पडल्या होत्या. घरी पोहोचेपर्यंत अक्का त्या ऐकत होत्या.

“चाल, काटावर उभी ऱ्हाय.”

पुनमने मुलीला सतरंजीवर ठेवले. काट्याने अडतीस दाखवले.

अक्कांनी काट्याला चापट मारली. अडतीस. मग स्वतः चढून पाहिले. बहात्तर. म्हणजे काटा शुद्धीवर होता. पन्नासातून एक किलो नऊशेचे बाळ वजा केले, वारेचे-पाण्याचे धरले, तरी अडतीस येत नाहीत. एवढे गणित अंगणवाडीतही जमते.

“बिघडना वाटतं,” अक्का म्हणाल्या.

“काटा बरोबर शे, अक्का.” पुनम दाराकडे बघत होती. “नववा महिनामा तो वरवंटा बी व्हता. साडीमा, पोटवर बांधेल. आठेच अंगणवाडीमा कळा उन्यात, दवाखानानी गाडी उनी, तो पडीसन ऱ्हायना.”

अक्का काट्यावरच बसल्या. काट्याने पुन्हा बहात्तर दाखवले.

“पन कसाले, पोरी?”

“पाचवा महिनामा वजन वाढनं नही, म्हनीसन तुम्हीन घर उनात. सासूले अर्धा तास सांगं, सूनले पोटभर खावाले द्या.”

“झुंबरबाई ते हो हो करी ऱ्हायन्या व्हत्या.”

“तुम्हीन गयात, मंग म्हने, घरनी चुगली गावमा करस. पोट भरी खाशी ते पोर मोठं व्हई, मंग पोट फाडनं पडी.” पुनम हवापाण्याचे बोलावे तसे बोलत होती. “तवयपाईन दोननी एक भाकर व्हयनी. तुम्हीन परत येवाले नको, म्हनीसन मी काटाले फसाडं.”

भिंतीवर तिच्या तक्त्याची रेघ झकास वर गेली होती.

अक्कांनी मुलीला तोलले. दोन किलो शंभर. सव्वा महिन्यात दोनशे ग्रॅम.

“दूध?”

“सरी ऱ्हायनं. रडस, आनि मंग रडीरडी झोपी जास.”

“आत्तेच दवाखानामा चाल. मी येस संगे.”

“सासूले इचारनं पडी.”

“मंग मी घर येस. झुंबरबाईलेच इचारस.”

“नका येऊ.” पुनम पहिल्यांदाच घाईने बोलली. “मांगे एक भाकर कमी व्हयनी, अक्का. आते एकच शे.”

उकडलेले अंडे आणि मोडाची मटकी तेवढी शेळीने ताटात ठेवली होती. या जिल्ह्याची केळी दिल्लीपर्यंत जातात, पण बाळंतिणीला बाधतात म्हणे. शेळीला काही झालेले दिसले नाही. ताटाचा फोटो वर पाठवायचा राहिला होता. अक्कांनी मोबाईल पालथा ठेवला आणि ताट पुनमपुढे सरकवले.

ती दाराकडे पाठ करून भराभर जेवली. ताट घासून ठेवले. मग तोंड दोनदा धुतले. वास राहायला नको.

सव्वीस वर्षे गावाला काय करावे ते सांगणाऱ्या कोकिळाअक्कांनी विचारले, “पुनम, मी काय करू, ते तरी सांग.”

पुनमने मुलीला उचलून खांद्याशी धरले आणि थोडा विचार केला.

“मना हात रिकामा नही, अक्का,” ती म्हणाली. “तेवढा वरवंटा मनी ओटीमा बांधी द्या. सासू दीड महिनापाईन शोधी ऱ्हायनी.”