दर महिन्याचं कुलूप

माझ्याच हाताने काढलेला कोंडोर, माझ्याच घरातल्या यंत्रात, आणि तो बघायला मला परवानगी हवी! त्या दिवशी पडद्यावर ती लाल चौकट आली, ती मी अजून विसरलेले नाही. 'तुमची वर्गणी संपली आहे.' झग्यावर त्या पहाडी गिधाडाचा, कोंडोरचा, एक पंख भरून झाला होता, दुसरा व्हायचा होता. यंत्राची सुई वरच्या वर थांबलेली.

मी दामियाना तार्की. डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहरात राहते आणि मिरवणुकीत मोरेनादा नाच करणाऱ्यांचे झगे जरीने भरून देते. पूर्वी सगळं हाताने करायचे. नजर अधू झाली तसं भरतकामाचं यंत्र घेतलं. यंत्राला चित्र कळत नाही, टाके कळतात, म्हणून चित्राचे टाके करून देणारा एक प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर लागतो. तो हल्ली विकत मिळतच नाही, भाड्याने मिळतो. दर महिन्याला तो इंटरनेटवरून कंपनीला विचारतो, या बाईने पैसे भरले का? भरले असतील तर उघडतो, नाहीतर तुमची सगळी चित्रं आत ठेवून दार लावून घेतो.

ते पैसे माझी मुलगी नाइरा साओ पावलोहून भरायची, तिच्या कार्डावरून. "आई, तू काळजीच करू नकोस, आपोआप जातात," म्हणायची. मग तिचं कार्ड बदललं आणि नवं कार्ड तिथे घालायचं ती विसरली. मी फोनवर फोन केले. शेवटी उचलला तेव्हा म्हणाली, "कामात आहे गं, रविवारी बघते."

रविवारी! आणि तोवर माझं गिऱ्हाईक काय एका पंखाचा कोंडोर पाठीवर घेऊन नाचणार होतं?

तणतणत बाजारात गेले. तिथे लिंबर्त चोके निळं प्लॅस्टिक अंथरून पायरेटेड सीडी विकायला बसायचे. माझ्याएवढेच असतील वयाने, डोक्याला कानटोपी, नाकावर दोरीने बांधलेला चष्मा. एके काळी त्यांच्यापुढे रांग असायची म्हणे. मी गेले तेव्हा एकटेच कोकाची पानं चघळत बसले होते.

"कासेरिता, काय देऊ?" पहिल्यांदाच बघत होते मला, पण हाक मारली जुनं गिऱ्हाईक असल्यासारखी.

"डोकं शांत होईल असं काही असेल तर द्या," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

ते घरी आले. खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि मी बटाटे सोलून होईपर्यंत माझा कोंडोर पडद्यावर हजर. मी तर हातच जोडले. पैसे विचारले तर म्हणाले, "काय शिजतंय ते?"

"चाइरो."

"मग एक वाटी वाढा. बरेच दिवस झाले गरम खाऊन."

मटणाचं आणि काळ्या चुन्योचं, म्हणजे गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचं, सूप ते, आमच्याकडे रोजचंच. पण हा माणूस इतका सावकाश खात होता की मला माझ्याच हाताचं कौतुक वाटायला लागलं. निघताना दारात थांबले. "एक आहे, दामियानाबाई. ही कॉपीसुद्धा महिन्याने बंद पडणार. मला दर महिन्याला येऊन उघडून द्यावी लागेल."

"म्हणजे चोरीच्या मालालाही वर्गणी?"

"काय करणार, कंपन्या फार पुढे गेल्यात," ते म्हणाले. मला त्यातलं काय कळतंय? मी बरं म्हटलं.

तेव्हापासून महिन्याचा पहिला शुक्रवार ठरून गेला. त्या दिवशी आमच्याकडे घरोघर धूप जाळतात, धंद्याच्या चीजवस्तूंवर दारू शिंपडतात, धरणीमातेला तिचा घोट देतात. मी यंत्राच्या चारी कोपऱ्यांवर शिंपडायची. एकदा उत्साहाच्या भरात कीबोर्डवरही शिंपडली. लिंबर्त अख्खी दुपार एकेक बटण उपटून फडक्याने पुसत बसले. "बाई, धरणीमाता इथे राहत नाही हो," म्हणाले, आणि मी इतकी हसले की सुपाचा डाव हातातून पडला. त्या घरात मी कधी हसले होते ते मलाच आठवत नव्हतं.

मी त्यांना मास्तर म्हणायला लागले. येताना ते दोन माराकेता पाव आणायचे, कुरकुरीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. काम असायचं पाच मिनिटांचं, पण बसायचे अंधार पडेपर्यंत. कधी माझ्या दाराची कडी बसवून दिली, कधी नुसतेच जरीचा गुंता सोडवत बसले. एकदा झग्यावरचा कोंडोर निरखून म्हणाले, "याची चोच जरा वाकडी झालीय." मी भडकले. मग चष्मा लावून पाहिलं, तर खरंच वाकडी. "कुणाला कळणार नाही," ते म्हणाले. "आपल्या दोघांनाच ठाऊक."

बाजारातली गंमत संपली, हे सारखं सांगायचे. पोरं सगळं फोनवरून घेतात, कुणी माणसाकडे येत नाही. बायको जाऊन खूप वर्षं झाली होती. मुलगा चिलीत होता, तो बोलवायचा नाही आणि हे जायचे नाहीत. मी ऐकायची आणि वर रागवायची, "मास्तर, रडगाणं पुरे, सूप गार होतंय." तोंड माझं असंच आहे. एरवी महिनाभर माझ्याशी बोलायला असतं तरी कोण? यंत्राची खडखड, पत्र्यावरचा वारा, आणि रविवारी नाइराचा फोन, तोही तिचं पोर रडायला लागलं की बंद.

या वर्षी ग्रान पोदेर सणाच्या मिरवणुकीसाठी नाचणाऱ्यांच्या एका मोठ्या जथ्याचं काम मिळालं. सगळ्यांच्या पाठीवर माझे कोंडोर. इतकं मोठं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं. वेळेवर दिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा मिळणार, नाही दिलं तर या वयात मला परत कोण विचारतंय! आणि नेमका त्यातच पहिला शुक्रवार आला. चौकट आली. मास्तर आलेच नाहीत.

सूप करून वाट बघितली. फोन केला तर बंद. बाजारात जाऊन आले, निळं प्लॅस्टिक नाही. शेजारची मोज्यांवाली म्हणाली, या आठवड्यात दिसले नाहीत. ते राहतात कुठे, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. इतके महिने जेवू घातलं, पण घर कुठे म्हणून कधी विचारलं नव्हतं.

शेवटी नाइराला फोन केला आणि यावेळी इतकी ओरडले की तिने ताबडतोब नवऱ्याला बसवलं. एडेर, माझा जावई, तिकडे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तिथे बसून त्याने माझा पडदा आपल्या पडद्यावर घेतला.

"सासूबाई, हे कुणी बसवलंय?"

"का? बिघडलंय?"

"बिघडलं नाही. कंपनीचं कुलूप कधीच फोडलेलं आहे. तपासणीची जागाच काढून टाकली, आता हा प्रोग्रॅम कुणाला काही विचारत नाही. एकदा फुटलं की ते कायमचं फुटतं. ही चौकट कंपनीची नाहीच. हे दुसरं कुलूप नंतर कुणीतरी हाताने लावलंय. साधं आहे, फक्त तारीख बघतं. कॉम्प्युटरची तारीख एक महिना मागे घ्या, उघडेल."

मी मागे घेतली. उघडलं. कोंडोर जसाच्या तसा.

यंत्र चालू झालं, पण माझ्या डोक्यात आग पेटली. म्हणजे इतके महिने हा माणूस मला बनवत होता! माझ्या घरात बसून, माझं सूप पिऊन!

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. गळ्याभोवती मफलर, चेहरा मेणासारखा पिवळा, जिना चढून धाप लागलेली. हातात ते दोन पाव. "छातीत कफ झाला होता, बाई. फोन उशाखाली मरून पडला. तुमचं काम अडलं असेल ना?"

"काम झालं माझं," मी म्हटलं. "जावयाने उघडून दिलं. आणि तुमचं कुलूपही दाखवलं."

ते पाव हातात धरूनच खुर्चीवर बसले.

"चोरावर मोर आहात तुम्ही मास्तर! ती कंपनी परवडली, ती निदान सांगून लुबाडते. मला वाटलं एवढा शिकलेला माणूस माझ्यासाठी झटतोय. लाज वाटली नाही? पोटासाठी करत होतात म्हणावं तर पैसेही घेत नव्हतात. मग कशासाठी?"

"जावई हुशार आहे," ते पुटपुटले.

"मी काय विचारतेय?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कुलूप नसतं तर मला बोलावलं असतंत का?"

"मी कशाला बोलावू? तुमचं माझ्याकडे काम काय?"

"तेच," ते म्हणाले.

मग उठून कॉम्प्युटरसमोर बसले. खोकत खोकत काहीतरी केलं. "आता कधीच बंद पडणार नाही. तारीख हवी ती असू दे." सूप चुलीवर होतं, मी वाढते म्हटलं नाही, त्यांनी मागितलं नाही. पाव टेबलावर ठेवून गेले. जिन्यात खोकला ऐकू येत राहिला, आणि मी मुद्दाम यंत्र चालू केलं.

झगे वेळेवर दिले. मिरवणुकीच्या दिवशी फुटपाथवर उभी राहिले. बँड वाजत होता, एकामागून एक पाठी जात होत्या, माझे कोंडोर उन्हात नुसते चमचमत होते. लोक ओरडत होते, बिअर उडत होती. तेवढ्यात जुना झगा घातलेला एक जण गेला, वाकड्या चोचीवाला. मी चटकन बाजूला वळले, "बघा, बघा, तो चालला!" सांगायला. बाजूला कुणी अनोळखी बाई आईस्क्रीम खात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जरा सरकून उभी राहिली.

त्यानंतर प्रोग्रॅम रोज सकाळी मुकाट्याने उघडायचा. कुठे अडत नव्हतं. पहिला शुक्रवार आला, मी सवयीने मोठं पातेलं चढवलं आणि तेच सूप तीन दिवस खाल्लं. ते पाव दगडासारखे झाले होते, तरी टाकवेनात. मी राग धरून बसायचा फार प्रयत्न केला. फसवलं ते फसवलंच की! पण फिरून फिरून माझंच वाक्य कानात यायचं. तुमचं माझ्याकडे काम काय? आणि वाईट म्हणजे ते खरं होतं. कुलूप नसतं तर मी कधीही, कधीच त्यांना बोलावलं नसतं. मी कुणालाच बोलावत नाही. मला येतच नाही ते.

रविवारी नाइरा म्हणाली, "आई, एडेर म्हणतोय, आम्ही पुन्हा वर्गणी भरतो. चोरीचं कशाला वापरतेस? कार्डावरून आपोआप जातील."

"मला आपोआप काही नकोय," मी म्हटलं.

"अगं, चिडतेस काय?"

"चिडत नाहीये. तुझं पोर रडतंय, जा."

पुढचा पहिला शुक्रवार. धूप जाळला, कोपऱ्यांवर शिंपडलं, कीबोर्ड सोडून. मग कॉम्प्युटरसमोर बसले आणि तारीख एक महिना पुढे केली. उघडला. एक वर्ष पुढे केली. उघडला. मी जिवंत नसेन त्या सालापर्यंत नेली, तरी मेला उघडतोच आहे! मास्तरांनी काम चोख केलं होतं. मला इतकं रडू आलं की पडदा दिसेना.

तोंड धुतलं आणि फोन लावला. लागला.

"मी दामियाना. प्रोग्रॅम बंद पडलाय."

पलीकडे आधी खोकला. मग आवाज आला, "बंद पडलाय?"

"मग काय खोटं बोलतेय मी?"

"पडद्यावर काय लिहून आलंय?"

मी पडद्याकडे पाहिलं. कोंडोर दोन्ही पंख पसरून बसला होता, एक टाका इकडचा तिकडे नाही. "तेच," मी म्हटलं. "नेहमीचंच."

"मग यावं लागेल," मास्तर म्हणाले.

आले. मफलर अजून गळ्यात होता, पावाचं पुडकं बगलेत. कॉम्प्युटरसमोर बसले, चष्म्याची दोरी नीट केली आणि समोरच्या उघड्या कोंडोरकडे बघत राहिले. मी पाठ करून सूप ढवळत होते. वळायची हिंमत होत नव्हती.

"फारच घट्ट बसलंय," ते म्हणाले. "एवढ्यात निघणार नाही. दर महिन्याला बघावं लागेल."

"मग बघा," मी म्हटलं. "आणि आधी तुमच्या घराचा पत्ता सांगा मला."