कड्याखालचा पाऊण तास

थोरलीने दोऱ्याचं टोक नकाशातल्या बंदरावर अंगठ्याने दाबून धरलं आणि किनाऱ्याच्या वळणावळणावरून दोरा बोटांनी बसवत नेला. दीपस्तंभाशी पोचल्यावर तिने तो कापला, सरळ करून पट्टीवर मोजला. अठ्ठावीस किलोमीटर. सकाळपासून तिसऱ्यांदा तेवढेच भरले, तरी तिने आकडा वहीत पुन्हा लिहिला.

"काय ग, काल रात्रीत किनारा आखडलाय का?" धाकटी म्हणाली. ती कालच मुक्कामाला आली होती आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नव्या बुटांच्या नाड्या ओवत बसली होती.

"आपण मोजून घेतलेलं बरं."

थोरली बस डेपोत वेळापत्रकं बसवायची. कोणती गाडी कुठे किती मिनिटं थांबेल हे ठरवण्यात बावीस वर्षं गेली होती, त्यामुळे समुद्रानेही आपल्या वेळेत वागावं अशी तिची साधी अपेक्षा होती. पुढच्या रविवारचा कागद तयार होता. साडेसातला बंदरावरून निघायचं, कारण पहिली बस त्याआधी पोचतच नाही. बारापर्यंत अठरा किलोमीटर. वीस मिनिटं बसायचं. बारा वीसला काळा कडा. हा कडा थेट समुद्रात उतरलेला, त्याच्या पायथ्यावरून पलीकडे जायचं तर ओहोटीलाच. पूर्ण ओहोटी अकरा पन्नासला होती. पुढे तासभर वाट मोकळी, मग पाणी परत फिरणार. पायथ्याची वाट अर्धा किलोमीटर, म्हणजे फार तर दहा मिनिटं.

हा चालत जायचा बेत मुळात बाबांचा. बंदराच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवल्या. थोरली बारा वर्षांची असताना ते तिला म्हणाले होते, "निवृत्त झालो की आपण दोघं चालत जाऊ. या टोकापासून त्या टोकापर्यंत." ते निवृत्त झाले. थोरलीने तीनदा तारीख ठरवली आणि तीनदा पुढे ढकलली. कधी ओहोटी फार लवकर, कधी फार उशिरा. चौथी तारीख ठरली तेव्हा बाबांचाच फोन आला. गुडघे गेले म्हणाले, आता काही जमायचं नाही. त्याला दोन वर्षं झाली. बाबा गेले त्याला एक. आता बाबांच्या मागे का होईना, दोघी बहिणींनी तो पुरा करायचा असं ठरलं होतं, आणि त्यासाठी थोरलीने तीन महिने आधी रजा टाकून ठेवली होती.

धाकटीने कागद ओढून घेतला. नाडीचं टोक दातात धरूनच वाचला.

"बारा वीस? उशीर होईल ग ताई. तिथे वाळू नाहीये, सगळे शेवाळलेले दगड. तेवढ्याला आम्हाला पाऊण तास लागला."

बोलली आणि तिने जीभ चावली. थोरलीने पट्टी नकाशावर आडवी ठेवली, मग उभी ठेवली.

"आम्हाला म्हणजे?"

"ऑफिसातल्या—"

"तुझ्या ऑफिसातले लोक जिना चढत नाहीत."

धाकटीने बूट खाली ठेवला. खोटं बोलणं तिला लहानपणापासून जमायचं नाही. गप्प राहणं मात्र छान जमत असावं.

"बाबा आणि मी," ती म्हणाली.

"कधी?"

"तू ठरवलेल्या चौथ्या तारखेच्या आदल्या रविवारी."

थोरलीने मनात तारखा लावल्या. ते तिचं कामच होतं. रविवारी हे दोघं चालले. सोमवारी बाबांचा फोन आला. मंगळवारी ती आठवड्याची रजा काढून बाबांकडे गेली, आणि रोज सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याची पिशवी घेऊन त्यांचे गुडघे शेकत बसली. वयच झालं हो तुमचं, असं म्हणत त्यांची समजूत काढत बसली. धाकटीचा रोज फोन यायचा, गुडघे कसे आहेत विचारायला. किती माया हिची, असं तेव्हा थोरलीला वाटलं होतं. आता तिच्या कानशिलांपर्यंत राग चढला. रागापेक्षा लाज जास्त वाटली, दोघांनी मिळून आपल्याला मूर्ख बनवलं याची.

"मला सांगितलं असतंत तर मी आले नसते का?"

"तू चौथ्यांदा पुढे ढकललं असतंस. बाबा म्हणाले, ती ओहोटी निवडेपर्यंत मी राहीन का? आणि म्हणाले, ताईला कळता कामा नये, तिला फार लागेल."

"आणि तू ऐकलंस."

"बाबांचं ऐकलं."

बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तर थोरलीला सगळ्यात टोचत होतं. तिने कोरा कागद घेतला आणि त्यावर चार रकाने आखले.

"सांग. किती वाजता निघालात?"

"ताई, जाऊ दे ना."

"सांग म्हणते ना."

धाकटी सांगत गेली. टॅक्सी करून सहालाच बंदरावर. बाबा पहिला तासभर अनवाणी चालले. मग एका उलट्या होडीवर बसून संत्रं खाल्लं. पाण्याच्या रेषेकडे बघून वेळ सांगायचे, आणि ती बरोबर निघायची. थोरली एकेक वेळ रकान्यात लिहीत होती, अक्षर नेहमीसारखंच सुबक.

"कड्याखाली किती वाजता?"

"बाराला."

"नक्की?"

"नक्की. तुझा फोन आला ना तेव्हा."

थोरलीचं पेन थांबलं. दर रविवारी बाराच्या ठोक्याला ती बाबांना फोन करायची, गाडी सोडल्यासारखा.

"आम्ही दगडांवर मध्येच उभे होतो," धाकटी म्हणाली. तिला आता रडू येत होतं आणि हसूही. "बाबांनी एका हाताने माझा खांदा धरलेला, एका हातात फोन. तुला वारा ऐकू आला. तू म्हणालीस, बाबा, खिडकी लावून घ्या, सर्दी होईल."

"मग?"

"मग ते म्हणाले, लावली ग बाई. आणि फोन खिशात ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले. पाणी यायला लागलं, म्हणून मीच ओढलं त्यांना."

थोरलीने चौथ्या रकान्यात बारा लिहिले. मग पेनाला टोपण लावून तिने रविवारच्या कागदाची घडी केली.

"पुढच्या रविवारी नाही जमायचं मला," ती म्हणाली. "डेपोत काम निघालंय."