तळहाताएवढा रेडिएटर

"अप्पा, आधी ती गॅसबत्ती विझवा. अंजू तिकडंच रांगत चाललीय."

शिवलीलानं लेकीला झपकन कडेवर घेतलं, तरी महालिंगप्पांची मान वर झाली नाही. मुरुम गावातल्या रेडिएटर दुरुस्तीच्या त्या टपरीएवढ्या दुकानात ते तांब्याच्या काडीएवढ्या नळ्या पत्र्याच्या पट्ट्यांत ओवत होते. हात थरथरला की थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा ओवायचे.

दिवाळीत याच बत्तीनं त्यांची बाही पेटली होती. अव्वा, शिवलीलाची आई, गेल्यापासून घरात दुसरं कुणी नाही. तेव्हापासून शिवलीलाचा एकच धोशा होता, दुकान बंद करा आणि धाराशिवला माझ्याकडं चला. शेवटी अप्पांनीच अट घातली, "गुरुलिंगचा रेडिएटर पहिल्या बुडीत कोरडा निघाला तर दुकान ऱ्हाईल. गळला तर कुलूप लावून तुझ्यासंगं एस्टीत बसतो."

गुरुलिंगकाका ढोकीच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. घरबसल्या त्यांनी ट्रॅक्टरचं नारळाएवढं, पण खरोखर चालणारं इंजिन घडवलं होतं. पाणी थंड करायला रेडिएटर तेवढा राहिला होता. एवढा लहान बाजारात कुठं मिळणार?

"मांडव पडलाय, वऱ्हाड आलंय, नवरीचाच पत्ता न्हाय," स्टुलावरून काका म्हणाले. "महालिंगा, उरक की बाबा."

"गप बस. कथलाचा डाग घाईनं बसत न्हाय."

अप्पांनी नवसागराच्या वडीवर डाग द्यायचं तापलं हत्यार घासलं. पांढरा धूर उठला. शिवलीलानं पदरानं लेकीचं नाक झाकलं. स्वतःचं मात्र झाकायचं राहून गेलं. या वासात तिचं बालपण गेलं होतं. गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर दुकानापासून पार वेशीपर्यंत उभे असायचे. ड्रायव्हर आरडाओरडा करायचे, अव्वा किटलीनं चहा आणायची. आता ॲल्युमिनियमचे, प्लास्टिकचे रेडिएटर आले. फुटले की फेकायचे. कथलानं झाळून घ्यायला कोण येतंय?

"ये अव्वा," अप्पांनी हाक मारली. शिवलीलाला ते लाडानं अव्वाच, म्हणजे आईच, म्हणत. "बघायला बस."

रेडिएटरचं एक तोंड अंगठ्यानं दाबायचं, दुसऱ्याला रबरी नळी लावून फुंकायचं आणि तो टाकीतल्या पाण्यात बुडवायचा. बुडबुडा निघाला की गळती. फुंकताना अप्पांना दिसायचं नाही, म्हणून बुडबुडे बघायचं काम पहिल्यापासून तिचं.

अंजूला काकांच्या मांडीवर देऊन ती टाकीशी उकिडवी बसली. पट्ट्यांत अडकलेली हवा आधी भसाभस वर आली. मग पाणी निवांत झालं. एक बुडबुडा आला की संपलं, अप्पा आजच तिच्याबरोबर येणार होते. आणि नेमकं तेव्हाच, येऊ नको, येऊ नको, असं ती मनात घोकायला लागली.

खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला. जरा चिकटून राहिला. सुटला. त्याच्या मागं दुसरा.

"कोरडाठाक!" काका ओरडले. चष्मा त्यांच्या खिशात होता.

अप्पा तोंडातली नळी काढून फक्त तिच्याकडं बघत होते.

"आहे, अप्पा," ती म्हणाली. "खालच्या कोपऱ्यात."

"अगं पोरी, एवढ्याला काय हुतंय? माझं इंजिन काय पंजाबला चाललंय व्हय?"

"गळका माल माझ्या दारातनं जायचा न्हाय," अप्पा म्हणाले.

त्यांनी रेडिएटर पुसला, हत्यार तापवलं. टोक दोनदा कोपऱ्यावरून घसरलं. शिवलीलानं न विचारता त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. कथलाचा थेंब वितळला, पसरला, चकाकला. पुन्हा बुडवलं. या वेळी ती कितीतरी वेळ पाण्याकडं बघत राहिली. काहीच आलं नाही.

"निघाला की रे कोरडा!" काकांनी रेडिएटर टॉवेलात गुंडाळला.

"पहिल्या बुडीत म्हणलो हुतो म्या."

"अप्पा, राहू द्या ती अट," शिवलीला घाईनं म्हणाली. "मीच उगाच मागं लागले. तुम्ही राहा इथं."

"बस कवा हाय तुझी?"

तिनं अंजूला उचलून घेतलं. "दुपारची," काकाच हळू म्हणाले.

अप्पांनी टाकी ओढत गटाराच्या कडेला नेली आणि रस्त्यानं जाणाऱ्यांच्या पायावर उडू नये म्हणून सावकाश कलती केली. काळं पाणी गेलं. तळाशी कथलाचे बारीक मणी साचले होते. इतक्या वर्षांत टाकीचा तळ असा कुणी पाहिला नव्हता. त्यांनी टाकी विसळली, स्वतःच्या टॉवेलानं आतून-बाहेरून पुसली आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर भांडी घालतात तशी भिंतीशी पालथी घातली.