बसते की, पण हितं!

मी एक जुनं स्टूल आहे. सागवानी, चार पायांचं, जरा उंच. शाहूपुरीतल्या आप्पासोंच्या साडीच्या दुकानात माझी हयात गेली. आकाराम सुतारानं मला घडवलं, तेव्हा माझ्यावर कुणीतरी ऐटीत बसेल असं मला वाटलं होतं. कसलं काय! वीस वर्षं लोक माझ्यावर नुसते चढले. वरच्या फळीवरचे गठ्ठे काढायचे, पंखा पुसायचा, की आणा ते स्टूल. काम झालं की पायानं ढकलून द्यायचं. मित्रांनो, राग यायचा हो मला.

पण दुकानाचा नियमच तसा होता. गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी, आणि लक्ष्मी समोर उभी असताना काउंटरमागच्या बाईनं बसायचं नाही. संध्याकाळी सगळ्या जणी पोटऱ्या चोळत घरी जायच्या.

अरुणाताई त्यांतल्या सर्वांत जुन्या. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून त्या नेमकी साडी काढत. मागच्या वर्षी त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. एके सकाळी डोक्याला स्कार्फ बांधून त्या दुकानात आल्या. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. काम करायला हरकत नाही. मात्र फार वेळ उभं राहायचं नाही, डाव्या हातानं जड उचलायचं नाही आणि प्रत्येक केमोनंतर चार दिवस सुट्टी.

आप्पासो मनानं वाईट नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "अरुणाताई, लई राबलासा. आता तुम्ही घरी बसा."

'घरी बसा' म्हणजे नोकरी संपली, हे न कळण्याइतकं मी लाकडी नाही. अरुणाताईंनी मला ओढलं, पदरानं पुसलं आणि काउंटरमागे ठेवलं.

"बसते की, पण हितं! घरात बसून आजारीच पडीन मी."

आणि बसल्या! माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कुणीतरी बसलं.

"अवो, लक्ष्मी उभी आणि आपण बसलेलं, बरं दिसतंय व्हय?" आप्पासो गडबडले. "गिऱ्हाईक रुसून गेलं तर?"

गडमुडशिंगीच्या शालूबाई नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला नुकत्याच दुकानात शिरल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आप्पासो, तुमच्या फोटूतली लक्ष्मी बसलेलीच हाय न्हवं? उभी लक्ष्मी निघून जाती, म्हणून तर बसलेली लावत्यात. मग मला बी बसवा की! गुडघं कवाधरनं ठणकाय लागल्यात माझं."

दुकानात हशा पिकला. आप्पासोंनी स्वतःची खुर्ची उचलून शालूबाईंना दिली. समोरासमोर बसून दोघींनी दुपारपर्यंत सगळा बस्ता बांधला. शेजारच्या काउंटरवरची प्रियदर्शनी गठ्ठे उतरवून देत होती आणि अरुणाताई उजव्या हातानं एकेक पदर उलगडत होत्या. शालूबाई काही रुसल्या नाहीत. उलट जाताना म्हणाल्या, "एवढ्या निवांत कधी साड्या बघितल्या न्हवत्या बघा!"

पुढच्याच आठवड्यात आकारामाकडून पाच नवी स्टुलं आली, प्रत्येकीला एक. जड गठ्ठे खालच्या फळीवर आले. केमोच्या दिवसांत अरुणाताईंचं काउंटर प्रियदर्शनी सांभाळू लागली. कधी कधी ताईंच्या तळपायांना इतक्या मुंग्या यायच्या, की चप्पल निसटलेली कळायची नाही. मग माझ्या आडव्या दांडीवर पाय टेकून त्या काम करायच्या. मी एकदाही कुरकुरले नाही, हे अभिमानानं सांगते.

मित्रांनो, आजारातून उठून आलेल्या माणसाला परस्पर घरी बसवू नका. काय हवं ते त्यालाच विचारा. बहुतेक वेळा ते फार मोठं नसतं, माझ्याएवढंच असतं.

केमो संपून आता चार महिने झालेत. अरुणाताईंच्या डोक्यावर बोटभर केस आलेत. परवा आप्पासोंनी हळूच विचारलं, "आता उभं राहायला जमतंय न्हवं?"

"जमतंय की!" अरुणाताई म्हणाल्या, आणि बसूनच त्यांनी पुढची साडी उलगडली.