आधी बाळाला घ्या

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या तरुणाला मुलगी होऊन अकरा दिवस झाले होते, पण त्याने तिला अजून उचललं नव्हतं. "माझे हात राठ आहेत," असं म्हणून तो टाळायचा आणि सकाळी लवकरच सटकायचा. कामावर मात्र चित्त थाऱ्यावर नसायचं. "रडतेय का?" असं तो बायकोला सारखं फोन करून विचारायचा.

त्या दुपारी एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. वीज बंद करून त्याने दार उघडलं, तर आत एक बाई तान्हं बाळ घेऊन उभी.

"आधी याला घ्या," ती म्हणाली.

"मला नाही जमत हो."

"अहो, मानेखाली हात द्या, झालं!"

त्याने बाळ घेतलं. इमारतीचा वॉचमन त्या बाईला वर ओढेपर्यंत ते रडत राहिलं, शिवाय त्याच्या शर्टावर ओकलं. "आली, आली आई," म्हणत तो घामाघूम होऊन डुलत राहिला.

लिफ्ट चालू करून तो तडक घरी गेला. "दे तिला," तो बायकोला म्हणाला.

मुलीला घेऊन त्याने खोलीत कितीतरी फेऱ्या मारल्या.

"अरे, झोपली ती. बस की आता."

"बसलो आणि उठली तर?" तो कुजबुजला आणि पुन्हा खिडकीकडे वळला.