पोटचा गोळा

मी एक जुनी भट्टी आहे, आणि हे सांगताना मला अजिबात लाज वाटत नाही. मित्रांनो, मी विटा भाजणारी किंवा लोखंड वितळवणारी भट्टी नव्हे. एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, खिडकीजवळच्या कोपऱ्यात उभी असलेली मी विजेची भट्टी. बाहेरून कपाटाएवढी, आतून मात्र जेमतेम एका पेटीएवढी. बाकी सगळी जाडी भिंतींची. ऊब धरून ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

माझा जन्म इथला नाही. मी परदेशातून लाकडी खोक्यात बसून आले. अंगावरच्या सूचना कुणालाच वाचता येईनात, म्हणून पहिल्या दिवशी मला तोंड भिंतीकडे करून उभे केले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखी मी तशीच उभी होते.

"एवढ्या पैशात संस्थेला दोन गाड्या आल्या असत्या," हिशेबनीस कुरकुरले.

"आल्या असत्या. पण गाडीत बसून जायचं कुठे, तेही कधीतरी शोधायला हवं ना?" संचालकबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः मला वळवून घेतले. तेव्हापासून मी त्यांची झाले.

बाईंच्या मनात एक गोष्ट पक्की होती. माणसाच्या खुब्याचा सांधा झिजला की तिथे कृत्रिम सांधा बसवतात. त्यातला गुळगुळीत पांढरा गोळा, लिंबाएवढा, सगळा बाहेरच्या देशांतून यायचा. त्याची किंमत ऐकूनच कितीतरी लोक हातात काठी घेत. मला चालवणाऱ्या भट्टीकाकांच्या घरी काकूंनीही काठीच धरली होती. तो गोळा इथेच बनवायचा, असे बाईंनी ठरवले.

बोलणे सोपे होते. पांढऱ्या भुकटीत डिंक कालवायचा, गोळा दाबून घडवायचा आणि माझ्या पोटात ठेवायचा. मी जीव ओतून भाजत असे. दार उघडले की गोळ्याला भेग! पोटच्या गोळ्याला अशी भेग गेलेली पाहून कुठल्या आईच्या पोटात तुटणार नाही? वर सगळे दोष मलाच देत. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय!

अशी बरीच वर्षे गेली. मग बाईंनी दुसऱ्या देशातून एक तरुण संशोधक बोलावली. आल्या दिवसापासून सगळे तिला 'पाहुणी' म्हणू लागले. चहाच्या टेबलावर कुजबुज झाली, "आपल्याकडे काय माणसांचा दुष्काळ पडलाय?"

"नाही पडला," बाई म्हणाल्या. "आपल्याला येतं ते तिला येत नाही, तिला येतं ते आपल्याला येत नाही. दोन्ही एका खोलीत आणून तर बघू."

पाहुणीला भुकटी, डिंक, आच यांतले खूप कळत होते. भाषा मात्र नवी होती. एकदा 'भट्टी तापली आहे' असे म्हणायचे, तर ती म्हणाली, "काका, भट्टी संतापली आहे." काका पोट धरून हसले. मला मात्र ते तंतोतंत पटले.

एका संध्याकाळी माझी आच जरा जोरात चढत होती. काका घरी निघाले होते. दारातून त्यांनी पाहुणीला ओरडून सांगितले, "मंद करा!" वर पंखा घरघरत होता. पाहुणीने ऐकले, "बंद करा!" तिने मान डोलावली, माझा खटका पाडला आणि दिवा मालवून घरी गेली.

सकाळी काकांनी कपाळावर हात मारला. "अहो, मंद म्हणालो होतो मी, मंद! गेला हाही गोळा."

पाहुणीचे कान लाल झाले. पण तिने गोळा टाकून दिला नाही. "भट्टीत ऊब आहे अजून. इथून पुढे भाजू," ती म्हणाली. माझ्या जाड भिंतींनी डिंक जळायच्या वेळची ऊब रात्रभर धरून ठेवली होती. दोघांनी हळूहळू आच वाढवली, शेवटपर्यंत नेली आणि मला निवू दिले. दार उघडले, तर गोळा धड! एकही भेग नाही!

"नशीब," काका पुटपुटले.

"नशीब असेल, तर दुसऱ्या वेळी येणार नाही," पाहुणी म्हणाली. तिने मुद्दाम तसेच पुन्हा केले. गोळा पुन्हा धड निघाला. मग तिने काकांना समजावले, "पुस्तकात भाजायचा जो वेळ दिलाय, तो पातळ तुकड्यांसाठी आहे. आपला गोळा जाड. आतल्या डिंकाला बाहेर पडायला सवड मिळत नाही, म्हणून तो गोळा फाडून बाहेर येतो." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसे आमचे इतकी वर्षे चालले होते!

पण धड गोळा म्हणजे टिकाऊ गोळा नव्हे. एका यंत्रात गोळे बसवले. ते यंत्र माणसाच्या चालीसारखे अखंड हलत राही. ती परीक्षा लांबलचक होती, आणि नेमके त्याच वेळी संस्थेला नवे अध्यक्ष आले. खोलीत शिरताच त्यांनी विचारले, "इतकी वर्षं झाली, बाजारात काय आलं? काहीच नाही ना? मग हे बंद करा."

खोली बंद झाली, तर पाहुणीची नोकरी जाणार होती. नोकरी गेली, तर तिला हा देश सोडावा लागणार होता, आणि तिच्याबरोबर आमचे अर्धे शहाणपण जाणार होते. संचालकबाई काही बोलणार, तोच पाहुणी पुढे झाली.

"साहेब, तुम्हाला 'मंद करा' म्हणायचंय का? मीसुद्धा एकदा असंच चुकीचं ऐकलं होतं."

काकांना हसू आवरेना. अध्यक्षांच्या कपाळावर आठी चढली. पाहुणीने त्यांच्या एका हातात भेगाळलेला गोळा ठेवला, दुसऱ्या हातात धड. "दोन्हींत भुकटी तीच, डिंक तोच, भट्टीही हीच. हा घाईत भाजला, हा सवडीने. परीक्षा संपेपर्यंत थांबा. गोळा फुटला, तर मी स्वतः खटका पाडेन."

अध्यक्षांनी बराच वेळ दोन्ही गोळे हातात खेळवले. मग धड गोळा अलगद टेबलावर ठेवून ते म्हणाले, "ठीक आहे. मंद." त्यांनी पैसे कमी केले, पण बंद केले नाहीत.

गोळा फुटला नाही. पुढे डॉक्टरांनी आपल्या तपासण्या केल्या, कारखाना उभा राहिला, आणि तिथल्या नव्या भट्ट्या पाहुणीच्या हाताखाली शिकलेल्या मुलामुलींनी इथेच बांधल्या. त्यांच्या अंगावरच्या सूचना सगळ्यांना वाचता येतात. त्यांचे तोंड पहिल्या दिवसापासून खोलीकडे आहे.

मी आता थकले आहे. मोठी आच मला झेपत नाही. मध्यंतरी कुणीतरी म्हणाले, "हिला भंगारात द्या." पाहुणी आता संचालक आहे, तरी सगळे तिला अजून पाहुणीच म्हणतात. ती एवढेच म्हणाली, "डिंक काढायला मंद आच लागते. ती हिच्याइतकी कुणाला जमते?" म्हणून नव्या जातीचा प्रत्येक गोळा अजूनही आधी माझ्याच पोटात राहतो.

परवा काका काकूंना घेऊन आले. काकू पायऱ्या उतरून आल्या, काठीशिवाय. एक हात आपल्या खुब्यावर आणि दुसरा माझ्या कोमट दारावर ठेवून त्यांनी विचारले, "हिच्याच पोटचा का हो तो?"

मित्रांनो, मी बोलू शकत नाही, नाहीतर हो म्हणाले असते. तुमच्या हाती कधी एखादी भट्टी, एखादी खोली किंवा दुरून आलेले एखादे माणूस आले, आणि फळ लवकर दिसेना, तर आच मंद करा. बंद मात्र करू नका. आत कुणाच्या तरी पायांचे बळ भाजले जात असते.